जपानी ‘जोशी’ मराठीच्या आधाराने: वा, गा, ओ, नि, दे नेमके कुठे लावायचे

जपानी शिकणाऱ्या मराठी माणसाकडे एक मोठी शिदोरी असते आणि बहुतेक जण ती वापरतच नाहीत. वाक्याच्या शेवटी क्रियापद, नामाच्या मागे प्रत्यय ही मांडणी आपल्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेली आहे. तरीही पुस्तकं इंग्रजीतून असल्यामुळे आपण जपानीतल्या ‘नि’ला इंग्रजी शब्द शोधत बसतो. ‘घराला’, ‘घरात’, ‘घरातून’ म्हणणाऱ्याला हा वळसा घालायची काही गरज नाही.

मात्र मराठी प्रत्ययाच्या जागी ठरलेला जपानी प्रत्यय ठेवत गेलं की चुका होतात, आणि त्या ठरावीक ठिकाणीच होतात. आपला ‘ला’ जपानीत तीन-चार वाटांनी जातो, ‘त’ दोन वाटांनी, ‘ने’ कधी असतो तर कधी गायब होतो. म्हणून मराठी कुठे हात देते आणि कुठे दगा, हे आधी पक्कं करायचं.

जपानीत या अव्ययांना ‘जोशी’ म्हणतात. या लेखात सगळी जपानी वाक्यं देवनागरीत आहेत. ‘देस’ आणि ‘मास’ यांच्या शेवटचा ‘उ’ बोलताना जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून लिहिलेला नाही. दीर्घ स्वर एक अक्षर वाढवून दाखवला आहे.

पायरी १: लेखन आणि उच्चार आधी मिटवा

तीन जोशी लिहायचे एका अक्षराने आणि वाचायचे दुसऱ्याच उच्चाराने: विषय दाखवणारा ‘वा’ हा ‘हा’च्या अक्षराने लिहितात, दिशेचा ‘ए’ हा ‘हे’च्या अक्षराने, आणि कर्माच्या ‘ओ’साठी वेगळं अक्षर आहे, जे आता फक्त याच कामासाठी उरलं आहे. कीबोर्डवर टाइप करताना ‘हा’, ‘हे’, ‘वो’ असंच टाइप करावं लागतं. ‘कोन्निचिवा’च्या शेवटीही हाच विषयदर्शक ‘वा’ आहे, त्यामुळे तिथेही ‘हा’चं अक्षर येतं.

उच्चाराची दुसरी गोष्ट: जोशी आधीच्या नामाला चिकटतो. थांबायचं असेल तर त्याच्यानंतर. ‘वाताशी… वा गाकुसेइ देस’ असं म्हणणं म्हणजे ‘घर… ला जातो’ म्हणण्यासारखं. ‘वाताशीवा… गाकुसेइ देस’ (मी विद्यार्थी आहे) हे बरोबर. शब्द आठवत नसेल तर नामाआधी थांबा, नाम आणि जोशी एका दमात म्हणा. एवढ्यानेच बोलणं बरंच सुधारतं.

आणि एक सुखाची बाब. जपानीत सामान्यरूप नाही. ‘घोडा’चं ‘घोड्याला’ होतं, पण ‘उमा’ला कुठलाही जोशी लावा, तो ‘उमा’च राहतो. लिंग नाही, वचनाचा मेळ नाही, क्रियापद कुणाच्याच मागे जात नाही.

पायरी २: ‘ने’ विसरायला शिका

‘तो आंबा खातो’, पण ‘त्याने आंबा खाल्ला’. भूतकाळ आला की आपल्याकडे कर्त्याचा प्रत्यय बदलतो. जपानीत काळ फक्त क्रियापदात दिसतो:

कारे वा मांगोओ ओ ताबेमास. (तो आंबा खातो.)
कारे वा मांगोओ ओ ताबेमाशिता. (त्याने आंबा खाल्ला.)

भूतकाळात आल्याबरोबर ‘वा’ बदलावासा वाटला, तर ते मराठी बोलतंय असं समजा आणि हात आवरा.

मग ‘ने’ला जपानीत काही जागा आहे का? आहे, साधन आणि कारण सांगताना. ‘पेनने लिहितो’ म्हणजे ‘पेन दे काकिमास’, ‘बसने जातो’ म्हणजे ‘बासु दे इकिमास’, ‘पावसाने गाडी थांबली’ म्हणजे ‘आमे दे देन्श्या गा तोमारिमाशिता’. थोडक्यात, माणूस काही करतो तो ‘ने’ टाकून द्यायचा, वस्तूने किंवा कारणाने होतो तो ‘ने’ म्हणजे ‘दे’.

पायरी ३: ‘ला’ची चार तोंडं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

पहिलं तोंड, कर्माचा ‘ला’. मराठीत ‘झाड पाहिलं’ पण ‘मुलाला पाहिलं’, म्हणजे कर्म सजीव असलं की ‘ला’ लागतो. जपानीत सजीव-निर्जीव हा भेद ‘इमास’ (सजीव) आणि ‘आरिमास’ (निर्जीव) या ‘आहे’ अर्थाच्या क्रियापदांत आहे, कर्माच्या जोशीत नाही. ‘कि ओ मिमाशिता’, ‘कोदोमो ओ मिमाशिता’, दोन्हीकडे ‘ओ’. ‘मुलाला’ म्हणून ‘कोदोमो नि मिमाशिता’ म्हणणं चूक.

दुसरं तोंड, ज्याच्यापर्यंत गोष्ट पोहोचते त्याचा ‘ला’. तो ‘नि’. ‘कोदोमो नि होन ओ आगेमाशिता’ (मुलाला पुस्तक दिलं). भेटणे, विचारणे, फोन करणे, उत्तर देणे, या सगळ्यांत मराठी ‘ला’ आणि जपानी ‘नि’ हातात हात घालून चालतात: ‘तोमोदाचि नि आइमाशिता’ (मित्राला भेटलो), ‘सेन्सेइ नि किकिमाशिता’ (शिक्षकांना विचारलं), ‘शित्सुमोन नि कोताएमाशिता’ (प्रश्नाला उत्तर दिलं). इंग्रजीतून शिकणारा भेटण्याला कर्माचा ‘ओ’ लावून मोकळा होतो. आपण मराठीवर विसंबलो तर ही चूक होत नाही.

तिसरं तोंड, ठिकाणाचा ‘ला’. ‘पुण्याला जातो’ म्हणजे ‘पूने नि इकिमास’ किंवा ‘पूने ए इकिमास’. ‘ए’मध्ये रोख दिशेवर, ‘नि’मध्ये पोहोचण्यावर. सुरुवातीला दोन्ही चालतील, पण एकच वापरायचा तर ‘नि’ निवडा. ‘ए’ प्रवासाच्या क्रियापदांपलीकडे फारसा जात नाही.

चौथं तोंड खरी गंमत दाखवतं: ‘मला’. मला सुशी आवडते, मला वेळ नाही, मला आवाज ऐकू येतो, मला गाडी चालवता येते. इंग्रजीत या वाक्यांत ‘मी’ कर्ता होतो आणि सुशी कर्म, म्हणून इंग्रजीतून शिकणारे ‘सुशी ओ’ म्हणून बसतात. मराठीत मात्र क्रियापद ‘मला’च्या मागे जात नाही, ते सुशीच्या मागे जातं: सुशी आवडते, आंबा आवडतो, आंबे आवडतात. क्रियापद ज्याच्या मागे जातं त्याला जपानीत ‘गा’ लावा, आणि ‘मला’च्या जागी ‘वाताशी वा’ ठेवा:

वाताशी वा सुशि गा सुकि देस. (मला सुशी आवडते.)
जिकान गा आरिमासेन. (मला वेळ नाही.)
ओतो गा किकोएमास. (मला आवाज ऐकू येतो.)
फुजिसान गा मिएमास. (मला फुजी पर्वत दिसतो.)
ओकाने गा इरिमास. (मला पैसे लागतात.)
निहोंगो गा वाकारिमास. (मला जपानी कळतं.)
कुरुमा गा होशिई देस. (मला गाडी हवी आहे.)
नेत्सु गा आरिमास. (मला ताप आहे.)

ही कसोटी अतिशय उपयोगी आहे, पण ती वर्तमानकाळातच करायची. कारण ‘मी पोळी खाल्ली’ म्हणताना क्रियापद पोळीच्या मागे गेलेलं असतं, आणि कुणी फसून तिथे ‘गा’ लावेल. तेच वाक्य ‘मी पोळी खातो’ असं करून पाहा. आता क्रियापद ‘मी’च्या मागे आलं, म्हणजे पोळी हे साधं कर्म, तिला ‘ओ’. उलट ‘मला पोळी आवडते’ हे कुठल्याही काळात पोळीलाच धरून राहतं.

तीन अपवाद पाठ करून टाका. ‘माहीत असणे’ (शित्ते इमास), ‘लक्षात असणे’ (ओबोएते इमास) आणि ‘मिळणे’ (मोराइमास). मराठीत ती ‘मला’ किंवा ‘माझ्या’ने सुरू होतात, जपानीत तिन्ही ‘ओ’ घेतात: ‘सोनो मिसे ओ शित्ते इमास’ (मला ते दुकान माहीत आहे), ‘कारे नो नामाए ओ ओबोएते इमास’ (त्याचं नाव माझ्या लक्षात आहे), ‘तोमोदाचि नि होन ओ मोराइमाशिता’ (मला मित्राकडून पुस्तक मिळालं). शेवटच्या वाक्यात ‘मित्राकडून’ला ‘नि’ आला आहे, हेही टिपून ठेवा. तिथे ‘कारा’ही (पासून, कडून) चालतो. भीतीचं वाक्य थोडं वेगळं: ‘मला कुत्र्याची भीती वाटते’ यात ‘ची’ असली तरी जपानीत ‘इनु गा कोवाइ देस’.

पायरी ४: ‘त’ म्हणजे ‘नि’ की ‘दे’

‘घरात आहे’ आणि ‘घरात जेवतो’ यांत मराठी फरक करत नाही, जपानी करते. असणं, राहणं, बसणं, म्हणजे जिथे माणूस किंवा वस्तू टेकून असते तिथे ‘नि’: ‘उचि नि इमास’, ‘पूने नि सुन्दे इमास’, ‘इसु नि सुवारिमास’. काही घडतं, कुणी काही करतं तिथे ‘दे’: ‘उचि दे ताबेमास’, ‘एकि दे माचिमास’ (स्टेशनवर वाट पाहतो).

नोकरीच्या वाक्यात हा फरक फार स्पष्ट दिसतो. ‘गिन्कोओ दे हाताराइते इमास’ आणि ‘गिन्कोओ नि त्सुतोमेते इमास’, दोन्हींचा अर्थ बँकेत नोकरी करतो. पण ‘हाताराकु’ म्हणजे प्रत्यक्ष काम करणं, म्हणून ‘दे’. ‘त्सुतोमेरु’ म्हणजे तिथल्या नोकरीत असणं, म्हणून ‘नि’. जोशी ठरवतं ते क्रियापद, ठिकाण नव्हे.

‘आरिमास’ दिसला की डोळे झाकून ‘नि’ लावू नका. वस्तू असेल तर ‘नि’, कार्यक्रम असेल तर ‘दे’. ‘ओओसाका नि ओशिरो गा आरिमास’ (ओसाकात किल्ला आहे), पण ‘ओओसाका दे शिआइ गा आरिमास’ (ओसाकात सामना आहे). सामना घडतो, किल्ला असतो.

आता ‘तून’ आणि ‘वरून’. आपला हात ‘कारा’कडे जातो, पण जपानी इथे बऱ्याचदा ‘ओ’ वापरते: ‘उचि ओ देमास’ (घरातून निघतो), ‘बासु ओ ओरिमास’ (बसमधून उतरतो), ‘मिचि ओ आरुकिमास’ (रस्त्यावरून चालतो), ‘हाशि ओ वातारिमास’ (पूल ओलांडतो), ‘कादो ओ मागारिमास’ (कोपऱ्यावर वळतो). ओलांडून जायची किंवा सोडून जायची जागा असेल तर ‘ओ’. चढताना मात्र ‘बासु नि नोरिमास’. चढणं-उतरणं ही जोडी एकत्रच पाठ करा.

पायरी ५: ‘चा’ कमी करा, एका ठिकाणी वाढवा

‘माझा, माझी, माझे’ सगळ्यांना एकच ‘नो’: ‘वाताशी नो होन’. इथवर सोपं. गडबड पुढे होते. ‘लाल रंगाची गाडी’ मनात ठेवून ‘आकाइ नो कुरुमा’ म्हणू नका. ‘आकाइ’ हे विशेषण आहे, ते थेट नामाला लागतं: ‘आकाइ कुरुमा’. ‘शिझुका’सारख्या विशेषणांना ‘ना’ लागतो: ‘शिझुका ना हेया’ (शांत खोली). ‘मी विकत घेतलेलं पुस्तक’ हेही ‘वाताशी गा कात्ता होन’, मध्ये ‘नो’ नाही.

उलट ‘टेबलावर’, ‘स्टेशनसमोर’ यांत मराठीत ‘चा’ दिसत नाही म्हणून ‘त्सुकुए उए’ म्हटलं जातं. तिथे ‘नो’ हवाच: ‘त्सुकुए नो उए नि’, ‘एकि नो माए दे’. वर, खाली, समोर हे जपानीत नाम आहे, म्हणून टेबलाचा वरचा भाग, आणि त्याला पुन्हा ‘नि’ किंवा ‘दे’.

पायरी ६: ‘वा’ आणि ‘गा’

हा प्रश्न वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही, आणि एका वाक्यात त्याचं उत्तर मिळतही नाही. पण काही ठिकाणी पर्यायच नसतो. ती आधी पक्की करा.

प्रश्नार्थक शब्द कर्ता असेल तर ‘गा’: ‘दारे गा किमाशिता का’ (कोण आलं?). उत्तरातही ‘गा’: ‘तानाका सान गा किमाशिता’. ‘दारे वा’ असं होत नाही.

नामाच्या आधी येणाऱ्या वर्णनात ‘गा’. ‘आईने केलेला केक छान आहे’: ‘हाहा गा त्सुकुत्ता केएकि वा ओइशिई देस’. आपल्या ‘केलेला’सारखीच ही रचना आहे, त्यामुळे मराठी माणसाला ती इतरांपेक्षा लवकर जमते. इथे ‘हाहा वा’ म्हटलं तर ऐकणारा ‘आई’ पूर्ण वाक्याला जोडू पाहतो आणि गोंधळतो. ‘पाऊस पडला तर’मध्येही ‘आमे गा फुत्तारा’.

पहिल्यांदा काही समोर येतं तेव्हा ‘गा’, त्यानंतर त्याच्याविषयी बोलताना ‘वा’. ‘एकि नो माए नि ओबाआसान गा इमाशिता. ओबाआसान वा हाना ओ उत्ते इमाशिता.’ (स्टेशनसमोर एक आजी होती. ती आजी फुलं विकत होती.) मराठीत पहिल्या वाक्यातला ‘एक’ आणि दुसऱ्या वाक्यातला ‘ती’ जे काम करतात, ते इथे दोन जोशी करतात.

आता ‘वा’. तो कर्त्याचा प्रत्यय नव्हे. तो ‘याविषयी बोलायचं तर’ एवढंच सांगतो, म्हणून कर्म, वेळ, ठिकाण कशालाही लागतो. ‘होन वा मोओ योमिमाशिता’, म्हणजे पुस्तक म्हणाल तर वाचून झालं. तुलना करतानाही तोच: ‘बिईरु वा नोमिमास गा, साके वा नोमिमासेन’ (बिअर पितो, पण साके पीत नाही). मधला ‘गा’ हा वेगळाच, ‘पण’ अर्थाचा. या ‘वा’त आपल्या ‘तर’ची छटा आहे, म्हणून ‘क्योओ वा किरेइ देस ने’ असं कुणाला म्हणताना जपा. ‘आज तर सुंदर दिसतेस’ यातून ‘रोज नाही’ हेही ऐकू येतं.

‘वा’ आणि ‘मो’ (ही, सुद्धा) आले की ‘गा’ आणि ‘ओ’ जातात, पण ‘नि’, ‘दे’, ‘कारा’ राहतात: ‘पूने नि मो’, ‘उचि दे वा’. ‘पुण्यातही’ म्हणताना आपण ‘त’ ठेवतोच, तसंच.

दर वाक्याची सुरुवात ‘वाताशी वा’ने करणं हे नवशिक्याचं ठळक लक्षण. ‘काल पुण्याला गेलो’ म्हणताना आपण ‘मी’ म्हणत नाही. जपानीतही संदर्भ असला की गाळा.

पायरी ७: वेळ आणि ‘पर्यंत’

वेळेच्या शब्दांना ‘नि’ लावायचा का? आकडा किंवा दिनदर्शिकेतलं नाव असेल तर हो: ‘गोजि नि’ (पाच वाजता), ‘गेत्सुयोओबि नि’ (सोमवारी). आजपासून मोजलेली किंवा ‘दर’ अर्थाची वेळ असेल तर नाही: ‘क्योओ’ (आज), ‘किनोओ’ (काल), ‘राइश्यूउ’ (पुढचा आठवडा), ‘माइआसा’ (रोज सकाळी). मराठीत ‘आज’, ‘काल’लाही प्रत्यय नसतो, पण ‘पुढच्या आठवड्यात’, ‘या वर्षी’ इथे मराठी फसवते. ‘राइश्यूउ’ आणि ‘कोतोशि’ कोरेच ठेवा. किती वेळ हे सांगतानाही काही लागत नाही: ‘सान जिकान बेन्क्योओ शिमाशिता’ (तीन तास अभ्यास केला).

जपानी कंपनीत काम करणाऱ्यांनी पुढची जोडी कधीच विसरू नये. ‘पाचपर्यंत थांबा’ आणि ‘पाचपर्यंत पाठवा’, मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’. जपानीत थांबणं सलग चालतं, म्हणून ‘गोजि मादे मात्ते कुदासाइ’. पाठवणं पाचच्या आत एकदा होतं, म्हणून ‘गोजि मादे नि ओकुत्ते कुदासाइ’. मुदत सांगणाऱ्या ईमेलमध्ये ‘नि’ राहिला तर वाक्य विचित्र होतं आणि मुदतीचा अर्थ निसटतो.

पायरी ८: ‘तो’

नामांना जोडणारा ‘आणि’ म्हणजे ‘तो’, पण तो क्रियापदांना जोडत नाही. ‘जेवलो आणि झोपलो’ला ‘जेवून झोपलो’ करा: ‘ताबेते नेमाशिता’. ‘शी’ बहुतेक ‘तो’च असतो: ‘कानोज्यो तो केक्कोन शिमाशिता’ (तिच्याशी लग्न केलं), ‘ओतोओतो तो केन्का शिमाशिता’ (धाकट्या भावाशी भांडलो). आणि ‘जातो म्हणून म्हणाला’ यातल्या ‘म्हणून’च्या जागीही ‘तो’: ‘इकु तो इइमाशिता’.

सराव कसा करायचा

वहीत शब्द लिहिताना क्रियापद एकटं लिहू नका, त्याच्या जोशीसकट लिहा. ‘आउ = भेटणे’ ऐवजी ‘(कुणाला) नि आउ’. एकाच विषयाची क्रियापदं शेजारी ठेवा, म्हणजे फरक डोळ्यांत भरतो: ‘शिकेन ओ उकेरु’ (परीक्षेला बसणे), ‘शिकेन नि उकारु’ (पास होणे), ‘शिकेन नि ओचिरु’ (नापास होणे). जोडीची क्रियापदंही तशीच: ‘देन्कि ओ त्सुकेमास’ (दिवा लावतो), ‘देन्कि गा त्सुकिमास’ (दिवा लागतो). आपल्याकडे लावणे-लागणे, फोडणे-फुटणे अशा जोड्या भरपूर आहेत, त्यांच्या आधाराने ‘ओ’ आणि ‘गा’ पटकन बसतात. अशी ४० क्रियापदं पक्की झाली की रोजच्या बोलण्यातल्या बहुतेक वाक्यांत अडत नाही.

रोज १० वाक्यं घ्या, त्यातले जोशी खोडा आणि दुसऱ्या दिवशी भरा. प्रत्येकाशेजारी कारण एका शब्दात लिहा: कर्म, साधन, मुक्काम, घटना, नवीन माहिती. कारण लिहिता आलं नाही तर उत्तर बरोबर असूनही ते चुकलेलंच धरा. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत एन५ या सर्वांत सोप्या पातळीपासूनच रिकाम्या जागेत जोशी विचारतात आणि चार तुकडे जुळवून वाक्य लावायला देतात. त्या दुसऱ्या प्रकारात जोशी कुणाच्या मागे चिकटतो हे आधी पाहिलं की दोन तुकडे तिथल्या तिथे जुळतात.

शेवटी, चित्रपटात किंवा मित्रांच्या गप्पांत ‘वा’, ‘गा’, ‘ओ’ गाळलेले ऐकू येतील: ‘गोहान ताबेता?’ (जेवलास?) हे बरोबरच आहे. ‘कारा’, ‘मादे’, ‘दे’, ‘तो’ मात्र सहसा गळत नाहीत, कारण ते गेले तर अर्थच जातो. बोलताना काय गाळायचं हे कानाने आपोआप येतं. कार्यालयात, लेखनात आणि परीक्षेत सगळे जोशी जागच्या जागी ठेवा. वाक्याच्या शेवटचा ‘यो’ वरिष्ठांसमोर बेतानेच वापरा. ‘मला माहीत आहे, तुम्हाला सांगतो’ असा त्याचा सूर लागतो. आपल्या ‘ना’सारखा दुजोरा मागणारा ‘ने’ तिथे जास्त सुरक्षित.